गुलकंदातला कंद कुठला?

प्रश्न असा आहे : दारातल्या जास्वंदीच्या पाकळ्या साखरेत मुरवल्या आणि घरात वाद झाला. गुलाब नसताना त्याला गुलकंद म्हणायचं का? आणि पाकळ्यांच्या पदार्थात कंद आला कुठून?

आधी कंद. सुरण, रताळं यांना आपण कंद म्हणतो तो शब्द संस्कृत. 'आनंदकंद'मध्येही तोच आहे, मूळ या अर्थानं. गुलकंदातला कंद मात्र फारसीतून आला. तिथे 'क़ंद' म्हणजे साखर. त्यातला क घशातून काढायचा. मराठीत तो आपल्या साध्या क-मध्ये मिसळला आणि नात्यात नसलेले दोन शब्द जुळे दिसायला लागले. 'गुलकंद' म्हणजे सरळ 'फूलसाखर'. हिंदीत रताळ्याला 'शकरकंद' म्हणतात, तिथे साखर पहिल्या अर्ध्यात आहे आणि कंद जमिनीखालचाच.

मला याहून आवडते ती पुढची गोष्ट. फारसीतला हा क़ंद मुळात आपल्याच 'खण्ड' या शब्दावरून गेलेला. खण्ड म्हणजे तुकडा, साखरेचा खडा. 'खांडसरी'तला खांडही तोच. अरबांकडून हा शब्द युरोपात पोचला आणि इंग्रजीबरोबर 'कँडी' होऊन परत आला. वाण्याच्या दुकानात गुलकंदाची बरणी, खांडसरी आणि मुलांची कँडी शेजारी शेजारी असतात, तेव्हा एकच शब्द तीन वाटांनी घरी आलेला असतो.

आता गुल. फारसीत गुल म्हणजे फूल, आणि विशेषेकरून गुलाबाचं फूल. 'गुलाब' म्हणजे खरं तर गुल अधिक आब, फुलाचं पाणी. मराठीनं तो शब्द फुलालाच दिला, म्हणून पाण्यासाठी 'गुलाबपाणी' म्हणावं लागलं. पण गुलमोहर, गुलबक्षी, गुलछडी यांत गुलाब कुठे आहे? तेव्हा जास्वंदीचा गुलकंद भाषेच्या दृष्टीनं अगदी बरोबर. बहाव्याच्या पाकळ्यांचाही करतात, तो पोट साफ व्हायला देतात. नुसतं 'गुलकंद' म्हटलं की गुलाबाचाच समजावा, इतर फुलांचं नाव आधी जोडावं, एवढा नियम मी पाळतो. 'जास्वंदकंद' म्हणू नका. ऐकणारा जमीन उकरायला जाईल.

करणाऱ्यांसाठी थोडं. गुलाबाचा करायचा तर गावठी, वासाचा गुलाब हवा. फुलवाल्याकडच्या लांब दांड्याच्या फुलांना वास नसतो आणि फवारणी मात्र असते. पाकळ्यांच्या वजनाइतकी किंवा दुप्पट खडीसाखर, काचेच्या बरणीत थरावर थर, आणि तीन-चार आठवडे ऊन. जास्वंदीची पाकळी चिकट असते, म्हणून धुतल्यावर कापडावर पूर्ण सुकवा, नाहीतर बुरशी धरते. जास्वंद नव्या फुटीवर फुलते. छाटायला कचरू नका. झाडावर पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढरी पिठासारखी कीड, आला तर पाण्याच्या जोरदार धारेनं धुवा, खायच्या फुलांवर विषारी औषध नको. गुलाबाचा गुलकंद उन्हाळ्यात थंडाव्यासाठी दुधातून घेतात, पण तो निम्म्याहून अधिक साखरच असतो, मधुमेह असलेल्यांनी दूरच राहावं. जास्वंदीचा गरोदर बाईनं वैद्यांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

म्हणून बरणीवर चिठ्ठी लावा : 'जास्वंदीचा गुलकंद'.