अस्थिशोषण: हाड शोषतं की हाडच शोषलं जातं?

खारघरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात कॅन्सरचे उपचार चालू आहेत आणि हाती आलेल्या मराठी माहितीपत्रकात त्यांनी वाचलं: ‘गाठीतून स्रवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनमुळे अस्थिशोषण वाढते व रक्तातील कॅल्शियम वाढते.’ त्या विचारतात, हाड कॅल्शियम शोषून घेत असेल तर रक्तातलं कमी व्हायला हवं, वाढतं कसं?

ताई, तुमचं वाचन चुकलेलं नाही. त्या शब्दानेच तुम्हाला उलट्या दिशेला नेलं.

‘अस्थिशोषण’ म्हणजे हाडाचं शोषण. पण हे ‘चं’ फसवं आहे. ‘मातृप्रेम’ म्हणजे आईचं आपल्यावरचं प्रेम की आपलं आईवरचं? समासात दोन्ही बसतात, संदर्भ निवाडा करतो. इथे हाड कर्ता नसून कर्म आहे. हाड पोखरणाऱ्या पेशी ते विरघळवतात आणि त्यातलं कॅल्शियम रक्तात उतरतं. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, त्यामुळे तिथून थोडं जास्त सुटलं तरी रक्तातला तोल जातो. ‘माती पाणी शोषते’ हे वळण आपल्या इतकं अंगवळणी पडलंय, की ‘शोषण’च्या आधी आलेलं नाम आपण कर्ताच धरतो.

इंग्रजी शब्द आहे रिसॉर्प्शन. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘परत ओढून घेणं’. काही जण ‘पुनःशोषण’ लिहितात, मला ते पटत नाही. ‘पुनः’ म्हणजे पुन्हा, आणि इथे माघारी घेण्याचा भाव हवा. आपल्या ‘परत’मध्ये दोन्ही आहेत: ‘परत सांग’ आणि ‘पैसे परत दे’. तरी ‘परतशोषण’ कुणी बोलणार नाही. रुग्णासाठी लिहिताना सरळ ‘हाड विरघळणं’ म्हणावं. ‘झीज’ नको, ती ऐकली की गुडघेदुखी आठवते.

त्या वाक्यातला ‘मुळे’सुद्धा मला खटकला. प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातल्या पेशी तयार करतात असं एक द्रव्य. त्याने हाड विरघळतं हे १९७० मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. पुढे काही प्रकारच्या गाठी असलेल्या उंदरांत, प्रोस्टाग्लँडिन तयार होणं रोखणाऱ्या इंडोमेथॅसिन या औषधाने रक्तातलं वाढलेलं कॅल्शियम कमी झालं. माणसांत मात्र त्या औषधाचा गुण थोड्याच रुग्णांना आला. १९८७ मध्ये गाठींतून स्रवणारं, रक्तातलं कॅल्शियम वाढवणाऱ्या पॅराथायरॉइड संप्रेरकासारखं एक प्रथिन सापडलं आणि बहुतेक रुग्णांत मुख्य कारण तेच असल्याचं स्पष्ट झालं. म्हणून ‘काही गाठींत प्रोस्टाग्लँडिनमुळेही’ असं हवं. एवढ्याशा ‘ही’ने वाक्य खरं होतं.

मी ते असं लिहीन: ‘काही गाठींतून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं स्रवतात. त्यांमुळेही हाड जास्त विरघळतं आणि त्यातलं कॅल्शियम रक्तात उतरतं.’

जाता जाता, ‘शोषण’ ज्या ‘शुष्’ धातूवरून आलं त्याचा अर्थ सुकणं, त्यावरूनच ‘घशाला शोष पडणं’ आलं. रक्तातलं कॅल्शियम वाढलं की लघवी जास्त होते आणि खरोखरच सारखी तहान लागते. पत्रकात लक्षणांच्या जागी ‘अतितृष्णा’ छापलं असेल, तर ते खोडून ‘घशाला सारखा शोष पडणं’ लिहा. घरातल्या आजींनाही ते कळेल, आणि तसं झालं तर त्या डॉक्टरांना लगेच सांगतील.