मे महिन्याच्या उन्हात ठाण्याहून राणीच्या बागेत जाणं वसूल आहे का?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात साताऱ्याहून घोडबंदर रोडला बहिणीकडे येताय, बरोबर सत्तरीचे आई-बाबा आणि सहा वर्षांची मुलगी, आणि मुंबई बघायला एकच दिवस मोकळा आहे. बहिणीच्या सोसायटीतले लोक म्हणतात, भायखळ्याच्या राणीच्या बागेत पेंग्विन सोडले तर आहे काय, आणि या उन्हात म्हाताऱ्या माणसांना कशाला दमवता?

माझं म्हणणं उलट आहे. जरूर जा, आणि मेमध्ये येताय म्हणून तर नक्कीच जा. मात्र घरातून निघताना झाडं बघायला चाललोय असं ठरवून निघा, प्राणी वाटेत भेटतीलच. प्राणी बघायला म्हणून गेलेली मंडळी एका पिंजऱ्याकडून दुसऱ्याकडे धावतात, वाघ झोपलेला असतो म्हणून हिरमुसतात आणि दोन तासांत दमून बाहेर येतात. भारतात क्वचितच कुठे बघायला मिळतील अशा झाडांखालून ते चालत गेलेले असतात, आणि वर मान करून एकदाही बघितलेलं नसतं.

मी ठाण्यात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. मुलांना घेऊन, सासूबाईंना घेऊन, कधी एकटीच, अशी वर्षानुवर्षं या बागेत जाते आहे. त्यामुळे तुमच्या आई-बाबांचा विचार करूनच सांगते.

आधी उन्हाचं बोलू, कारण तुमची खरी काळजी ती आहे. आमच्या ठाण्यात कोलशेतला २०२४ मध्ये मोठा सेंट्रल पार्क झाला, वीसेक एकरांचा. छान आहे, तुमच्या बहिणीला जवळही पडेल, संध्याकाळी मुलीला तिथे जरूर न्या. पण तिथली झाडं अजून लहान आहेत, मेच्या दुपारी तिथे उभं राहवत नाही. सावली धरायला त्या झाडांना अजून कितीतरी वर्षं लागतील. राणीची बाग १८६२ सालची. त्या वर्षी १९ नोव्हेंबरला गव्हर्नर फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्ते ती खुली झाली. बाग आधी झाली, प्राण्यांसाठी जागा जोडली ती पुढे १८९० मध्ये. म्हणजे मुळात हे वनस्पतिउद्यानच, आणि कित्येक झाडांनी इथे शंभरी ओलांडली आहे. पन्नासहून जास्त एकर जागा आणि वर फांद्यांचं छत. घाम येणारच, मुंबईचा मे आहे, पण ऊन डोक्यावर येत नाही. रस्ते सपाट आहेत, बसायला बाकडी आहेत. माझ्या सासूबाई गुडघेदुखी घेऊन आरामात फिरतात.

आता जायचं कसं. बुधवारी बाग बंद असते. सार्वजनिक सुट्टी बुधवारी आली तर बाग उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद, हेही लक्षात असू द्या. शनिवार-रविवार टाळा, शाळांच्या सुट्ट्यांत तेव्हा मुंगीला शिरायला जागा नसते. मंगळवार किंवा गुरुवार घ्या. बाग सकाळी साडेनऊला उघडते, पण त्या वेळी पोचायचं म्हणून साडेआठला ठाणे स्टेशनवर आई-बाबांना उभं करू नका. त्या गर्दीत रोजचा माणूससुद्धा जेमतेम चढतो. एकतर सातच्या आत निघा आणि भायखळ्याला सावकाश नाश्ता करा, नाहीतर सरळ साडेदहानंतर निघा. जलद गाडी भायखळ्याला थांबते, पण तुम्ही ठाण्याहून सुटणारी धीमी लोकल पकडा, चौघांनाही बसायला मिळेल. पाऊण तासाच्या थोडं वर लागतं. एसी लोकलची वेळ जमली तर उत्तमच, तिचं तिकीट मात्र वेगळं काढावं लागतं. साध्या डब्यात काही जागा ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव असतात, संकोच न करता मागा.

भायखळ्याला पूर्वेला बाहेर पडा. चालत दहा-एक मिनिटं, पण बाबांना टॅक्सी करून द्या. इथे रिक्षा शोधत बसू नका, शीवच्या (सायनच्या) पुढे शहरात रिक्षा चालत नाहीत. बागेचं तिकीट मोठ्यांना पन्नास रुपये, मुलांना पंचवीस. प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका, पाणी स्टीलच्या बाटलीत घ्या.

आत गेल्यावर मुलगी पेंग्विन, पेंग्विन करणार. मग ते आधीच उरकून घ्या. दक्षिण कोरियाहून आणलेले हे हम्बोल्ट पेंग्विन मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, म्हणून त्यांचं दालन सोळा-अठरा अंशांवर ठेवलेलं असतं. बाहेरच्या काहिलीतून आत गेल्यावर तुमच्या आईलाही बरं वाटेल. वाघाचं दालन काचेतून दिसतं, मोठ्या पक्षिदालनात आपण आतून चालत जातो. मुलांना हे सगळं आवडतं, त्यात दुमत नाही.

त्यानंतर घाई सोडा. कासला जाता तेव्हा जसं खाली वाकून फूल बघता, तसं इथे खोडाकडे बघत चाला. पुष्कळ झाडांवर नावाच्या पाट्या आहेत, नाही सापडलं तर बागेतल्या माळ्यांना विचारा. झाडाचं नाव घेऊन विचारणारं कुणी भेटलं की त्यांना आनंद होतो, हातातलं काम ठेवून दाखवायला येतात.

सगळ्यात आधी कैलासपती विचारा. हे मूळचं दक्षिण अमेरिकेतलं झाड, पण आपल्याकडे शंकराच्या देवळाजवळ लावतात. फुलं फांद्यांच्या टोकाला नसतात, थेट खोडातून लोंबणाऱ्या जाड दांड्यांवर येतात. फणस आणि उंबर तुम्ही पाहिलेच आहेत, तसंच हे खोडाला फुलणारं. खाली पडलेलं एक ताजं फूल उचलून आईच्या हातात द्या. सहा मांसल पाकळ्या, आतून गुलाबी-लाल, आणि त्यांच्यावर वाकलेला पुंकेसरांचा फणा. फणा बोटाने जरा वर केला की खाली बारीक केसरांचं गोल कडं दिसतं आणि मधोमध उंचवटा. माझ्या सासूबाईंनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी आपोआप हात जोडले. मी वर्गात पुढचं सांगते: फण्यातला पराग आणि कड्यातला पराग वेगवेगळा असतो. फण्यातला पराग भुंग्यांना खायला, त्यातून बीजधारणा होत नाही. भुंगा तो खायला आत शिरतो आणि त्याच वेळी कड्यातला खरा पराग त्याच्या पाठीला लागतो. पुढच्या फुलात तो पोचवला जातो. या फुलात मध नसतोच, भुंग्याला बोलावायला झाडाने परागाचीच वेगळी सोय केली आहे. सकाळी लवकर गेलात तर वासही येतो, गोड आणि जडसर. फळं मात्र तोफेच्या गोळ्याएवढी असतात, टणक आणि वजनदार. झाडाखाली बसायला चादर पसरू नका. फुटलेलं फळ पडलं असेल तर त्याच्या वासावरूनच कळेल, मुलगी नाक धरून पळेल.

गोरखचिंच चुकवू नका. आफ्रिकेतलं झाड, अरबी आणि पोर्तुगीज व्यापारी गेले तिथे तिथे पसरलं असं मानतात. वरच्या फांद्यांच्या मानाने खोड अफाट जाड, कारण पाणी त्या खोडात साठतं. मेमध्ये ते बोडकं तरी दिसेल, नाहीतर नुकती पालवी फुटलेली. फुलं पावसाळ्यात येतात, पांढरी, लोंबणारी, रात्री उमलणारी. मुलीला खोडाला कवेत घ्यायला सांगा, मग तुम्हा सगळ्यांना हात धरून उभं करा. माझे अकरावीचे विद्यार्थी दरवेळी न सांगता हे करतात.

कृष्णवडही विचारा. वडाचंच भावंड, पण पान देठाशी मुडपून त्याचा छोटा द्रोण होतो. कृष्ण त्यात लोणी खायचा अशी गोष्ट आहे, ती आजी नातीला माझ्यापेक्षा चांगली सांगेल.

आणि सीता अशोक. घोडबंदर रोडच्या प्रत्येक कॉम्प्लेक्सच्या भिंतीला जी उंच, सरळसोट, लांब पानांची झाडं लावलेली असतात त्यांना लोक अशोक म्हणतात. तो आसुपालव, वेगळ्याच कुळातला. सीता अशोक बुटका, पसरट, गर्द. त्याच्या केशरी-लाल गुच्छांना पाकळ्या नसतातच, रंग असतो तो निदलांचा, म्हणजे एरवी पाकळ्यांखाली असणाऱ्या, बहुधा हिरव्या दलांचा. फेब्रुवारी ते एप्रिल त्याचा बहर, तुम्ही याल तेव्हा ओसरलेला असेल. त्याच कुळातली ब्रह्मदेशातली उर्वशीसुद्धा या बागेत आहे, तिच्या लाल-पिवळ्या फुलांच्या लोंबत्या माळा बघायला मी जानेवारीपासून फेऱ्या मारते. मेमध्ये ती फुलं संपलेली असतील, पण दोन्ही झाडांची कोवळी पालवी बघायला मिळाली तर थांबा. तांबूस पानं मऊ पडून खाली लोंबतात, झाड सुकलं की काय असं वाटतं. काही दिवसांत तीच पानं हिरवी होऊन ताठ उभी राहतात.

बहर ओसरल्याचं सांगितलं म्हणून नाराज होऊ नका. मे हा बहाव्याचा आणि ताम्हणाचा महिना. ताम्हण हे आपलं राज्यफूल, जांभळ्या चुणीदार पाकळ्यांचं, आणि ते रस्त्याच्या कडेलाही दिसतं. पण रस्त्यावर गाडीतून बघणं वेगळं आणि त्याच्याखाली उभं राहून पडलेली फुलं ओंजळीत घेणं वेगळं. डिसेंबरमध्ये हवा छान असते म्हणून लोक तेव्हा येतात, पण फुलणारी मोठी झाडं बघायची तर फेब्रुवारी ते मे, हे मी कुणालाही सांगेन.

ही झाडं आज आहेत ती सहजासहजी राहिलेली नाहीत. २००७-०८ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या पुनर्विकासाची मोठी योजना पुढे आली, तेव्हा झाडांचं काय होणार या काळजीने मुंबईतले नागरिक उभे राहिले. त्यात बायका पुढे होत्या. झाडांच्या नोंदी पुढे आल्या, तीन हजारांहून जास्त झाडं आणि पावणेतीनशेहून जास्त जाती. ही वारशाची बाग आहे हे पटवून देत त्या वर्षानुवर्षं मागे लागून राहिल्या. मला त्यांच्याबद्दल फार कृतज्ञता वाटते. विद्यार्थ्यांना फांदीवरचं पान दाखवून शिकवता येतं ते त्यांच्यामुळे.

आई-बाबा फार दमले नसतील आणि अंगात थोडी ताकद उरली असेल तर बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. तिकीट वेगळं. १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेली ही इमारत, भाऊ दाजी आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी तिच्यासाठी पैसा उभा केला होता. आतले खांब, छत, जुन्या मुंबईतल्या माणसांच्या मातीच्या लहान लहान प्रतिकृती बघत बाबा तासभर रमतील. संग्रहालयाच्या आवारात एक मोठा दगडी हत्ती आहे, तो मात्र कुणीही चुकवू नये. हा घारापुरीचा. त्याला इंग्लंडला न्यायचा प्रयत्न १८६४ मध्ये झाला, उचलताना तो कोसळून फुटला, आणि १९१४ मध्ये तुकडे जोडून पुन्हा उभा केला. सांधे जवळून दिसतात.

जेवणाचं म्हणाल तर आत कँटीन आहे, मुलीची भूक भागेल. पोटभर जेवण बाहेर स्टेशनच्या बाजूला करा, किंवा ठाण्याला परत येऊन करा.

परतताना चारच्या आसपास निघा. पाचनंतर भायखळ्याला ठाण्याची गाडी पकडणं आई-बाबांना झेपणार नाही, गाडी सीएसएमटीहूनच (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) भरून येते. उशीर झालाच तर तिकीट सीएसएमटीहून ठाण्याचं आणि त्याआधी भायखळ्याहून सीएसएमटीचं, अशी दोन्ही काढा. उलट्या दिशेने तीन स्टेशनं जा आणि तिथून सुटणाऱ्या ठाणे लोकलमध्ये बसून या. ठाण्याला उतरल्यावर घोडबंदरसाठी पश्चिमेला बाहेर पडायचं, रिक्षाची रांग मोठी दिसली तरी रांगेतच उभे राहा, ती भरभर सरकते.