रिसेट करण्याआधी श्रीलिपीतली पत्रं वाचवा

वडिलांचा विंडोज 10 चा लॅपटॉप फार मंद चालतोय, त्यांची कित्येक वर्षांची मराठी पत्रं श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, त्याचे स्वतःचे फाँट असतात) टाइप केलेली आहेत, आणि ‘कीप माय फाइल्स’ निवडून रिसेट केलं (म्हणजे विंडोज पुन्हा नव्याने बसवलं) तर सगळं जसंच्या तसं राहील का, असं तुम्ही विचारलंय. सगळं राहत नाही. त्या नावावर भरवसा ठेवून बरेच जण फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स वाचतात. तुम्ही टाकलेले प्रोग्रॅम मात्र सगळे उडतात आणि क्रोमचे बुकमार्क व साठवलेले पासवर्डही. क्रोममध्ये सिंक (गुगल खात्यात प्रत ठेवणं) चालू आहे ना, ते आधी बघा.

आता पत्रांचं. वर्डची फाइल शाबूत राहील, पण उघडलीत तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची सरमिसळ दिसेल. अशा जुन्या फाँटमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो. इंग्रजी अक्षराच्या जागेवर फक्त त्याचं चित्र बसवलेलं असतं. फाँट गेला की मजकूर गेल्यासारखाच. म्हणून लॅपटॉप चालू आहे तोवर प्रत्येक पत्राची पीडीएफ करून ठेवा, तिच्यात फाँट सोबत जातो. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातल्या ‘फाँट्स’मधून ते फाँटही कॉपी करून घ्या. श्रीलिपीची सीडी किंवा डोंगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी कॉम्प्युटरला लावायची किल्ली) घरात कुठे आहे, हे वडिलांना आत्ताच विचारा. हे सगळं बाहेरच्या डिस्कवर घेतल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर दोन-चार पत्रं उघडून बघा. न उघडून पाहिलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. रिसेट मध्येच अडकलं तर ती मागितली जाऊ शकते, आणि ती नसेल तर डिस्कवरचा डेटा कायमचा बंद. चार्जर लावलेला असू द्या. रिसेट करताना ‘क्लाउड डाउनलोड’ (विंडोज इंटरनेटवरून उतरवून घेणं) निवडलंत तर 4 जीबीहून जास्त डेटा लागू शकतो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते करू नका. लायसन्सची चिंता नको: विंडोज 10 चं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं आणि रिसेटमध्ये आवृत्ती तीच राहते. दुकानात फॉरमॅटला दिलात तर मात्र ‘होम सिंगल लँग्वेज’च्या जागी ‘प्रो’ टाकून देत नाहीत ना, हे बघा; तुमचं लायसन्स त्याला चालणार नाही.

एवढं करण्याआधी टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्कचा प्रकार पाहा. तिथे एचडीडी (जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क) दिसत असेल तर मंदपणाचं मोठं कारण बहुधा तेच आहे, आणि रिसेटने फारसा फरक पडणार नाही. शिवाय विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. माझं स्पष्ट मत, अशा वेळी रिसेट करूच नका. नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) बसवा, 8 जीबीच्या पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाका. लॅपटॉपमध्ये टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) असेल आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत असेल तर विंडोज 11च टाका. जुनी हार्ड डिस्क हात न लावता यूएसबी केसमध्ये (डिस्क बाहेरून जोडता येईल अशा डबीत) घालून ठेवा, पत्रं त्यावर जशी होती तशी राहतील. बिटलॉकर असेल तर कीचा कागदही त्या केसबरोबरच ठेवा.