नैरोबीहून जोहान्सबर्ग किती दूर आहे आणि विमानाला नेमका किती वेळ लागतो?

तिकिटावर जाताना तीन तास आणि परतताना पाच तास दिसतात, तर खरा प्रवास किती वेळाचा, असे आपण विचारले आहे. थेट विमानाने तो दोन्ही वेळा साधारण चार तासांचाच असतो. केनियाचे घड्याळ दक्षिण आफ्रिकेच्या एक तास पुढे चालते आणि तिकिटावर त्या त्या शहराची स्थानिक वेळ छापलेली असते. त्यामुळे नैरोबीहून सकाळी आठला सुटलेले विमान जोहान्सबर्गच्या घड्याळाप्रमाणे अकराच्या सुमारास उतरते. नैरोबीत नोकरीला असताना पहिल्या खेपेस मी हा फरक वाऱ्यामुळे पडत असावा असे समजलो होतो. परंतु वाऱ्याचा असा परिणाम मुंबई-लंडनसारख्या पूर्व-पश्चिम प्रवासात जाणवतो, आणि हे विमान तर बहुतांशी उत्तर-दक्षिण जाते.

दोन्ही विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे 2,900 किलोमीटर आहे. नैरोबी विषुववृत्ताच्या जेमतेम सव्वा अंश दक्षिणेस आणि जोहान्सबर्ग 26 अंशांवर आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर, म्हणजे नुसते दक्षिणेकडचे अंतरच 2,750 च्या आसपास भरते आणि उरलेली भर पश्चिमेकडे सरकल्यामुळे पडते. ताशी 850 किलोमीटरच्या वेगाने याला साडेतीन तासांहून थोडे कमी लागतात. बाकीचा वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यात आणि चढण्या-उतरण्यात जातो. रस्त्याने हेच अंतर टांझानिया, झांबिया आणि झिंबाब्वेमार्गे 4,000 किलोमीटरच्या घरात जाते. अदिस अबाबामार्गे जाणारे तिकीट काही वेळा स्वस्त पडते, मात्र त्यात दक्षिणेला जाण्यासाठी आधी हजारांहून अधिक किलोमीटर उत्तरेस जावे लागते, तेव्हा चार तासांचा हिशेब तेथे विसरावा.

माझ्या मते या प्रवासात तासांपेक्षा यलो फीवरच्या कार्डाकडे अधिक लक्ष द्यावे. केनिया त्या रोगाचा धोका असलेल्या देशांच्या यादीत असल्यामुळे तेथून येणाऱ्या, किंवा तेथील विमानतळावर बारा तासांहून अधिक थांबलेल्या, एक वर्षावरील प्रवाशांकडून दक्षिण आफ्रिका लसीचा दाखला मागते. माझे कार्ड एकदा घरीच राहिले आणि नैरोबीच्या काउंटरवरूनच मला माघारी फिरावे लागले. चूक सर्वस्वी माझीच होती. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. दाखला आता आयुष्यभर चालतो. केनियातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत मुंबईत उतरणार असाल, तर भारतातही तेच कार्ड दाखवावे लागते, म्हणून ते सामानात न टाकता पासपोर्टच्या पाकिटातच ठेवावे.