शिडीच्या कितव्या पायरीवर?

प्रश्न : अमुक देशातल्या लोकांना विषमता खुपते, तमुक देशात चालते, असं वाचायला मिळतं. हे मोजतात कसं? – एक वाचक, सांगली

उत्तर : यासाठी बहुतेक वेळा आयएसएसपी (इंटरनॅशनल सोशल सर्व्हे प्रोग्राम) या आंतरराष्ट्रीय पाहणीचा आधार घेतात. तिची विषमतेवरची प्रश्नावली १९८७, १९९२, १९९९, २००९ आणि २०१९ या वर्षांची आहे. त्यात समाजाची पाच चित्रं असतात. पहिल्यात वर मूठभर, मध्ये जवळपास कुणी नाही आणि तळाला गर्दी. दुसरं सरळ पिरॅमिड. चौथ्यात बहुतेक जण मध्ये, पाचव्यात बहुतेक जण वरच्या अंगाला. ‘तुमचा देश यातला कोणता?’ आणि ‘कसा असायला हवा?’ असे दोन प्रश्न विचारतात. शिवाय दहा पायऱ्यांची शिडी दाखवून ‘तुम्ही कुठे?’ असंही विचारतात.

खरी मजा पगाराच्या प्रश्नात आहे. मोठ्या कंपनीचा अध्यक्ष आणि अकुशल कामगार यांना किती मिळतं, किती मिळायला हवं? २००९च्या उत्तरांवरून अमेरिकनांचा अंदाज निघाला, अध्यक्षाला कामगाराच्या सुमारे ३० पट आणि त्यांच्या मते योग्य होतं ७ पट. प्रत्यक्ष फरक ३५४ पट, हा आकडा तुम्ही वाचला असेल. मात्र तो एस अँड पी ५०० या अमेरिकी शेअर बाजाराच्या यादीतल्या बड्या कंपन्यांचा आणि २०१२चा आहे. उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा याहून बरीच लहान कंपनी असते.

प्रश्न : म्हणजे लोकांना आपल्याच देशाची कल्पना नसते? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नसते, पण दोष थोडा प्रश्नाचाही असतो. अमेरिकेतली २०११ साली प्रसिद्ध झालेली गाजलेली पाहणी घ्या. देशातली किती टक्के संपत्ती वरच्या २० टक्के लोकांकडे आहे? लोक म्हणाले ५९, खरा आकडा ८४, आणि हवी होती ३२. पण २०-२० टक्के लोकांच्या पाच गटांत शंभराचे वाटे करायला सांगितले की २० हा आकडा डोक्यात बसतो आणि उत्तरं त्याच्याच आसपास घुटमळतात. तळाच्या गटापुढे ०.१ असं कोण लिहील? (खरा आकडा तोच होता.) पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी वाटे न विचारता प्रत्येक गटातल्या कुटुंबाची सरासरी मालमत्ता विचारली, तर उत्तरं पार बदलली.

स्वतःची जागा ओळखण्यातली चूक मात्र खरीच आहे, कारण माणूस स्वतःला मोजतो तो शेजाऱ्यापाजाऱ्यांशी. अर्जेंटिनातल्या ब्यूनस आयर्स परिसरात अनेक गरीब कुटुंबं स्वतःला आहेत त्याहून वर समजत होती. खरी जागा कळल्यावर त्यांनी गरिबांसाठी जास्त सरकारी मदत मागितली. स्वीडनमध्ये उलटं झालं. तिथे बहुतेकांना आपण आहोत त्याहून खाली आहोत असं वाटायचं. खरं तर वर आहोत हे कळल्यावर मुख्यतः उजव्या विचारांच्या लोकांचा फेरवाटपाला (म्हणजे श्रीमंतांकडून कर घेऊन गरिबांना देण्याला) पाठिंबा घटला.

प्रश्न : मग विषमता किती चालते, याबाबत नॉर्वे आणि अमेरिकेतल्या लोकांत फरक पडतो कशामुळे? – एक वाचक, पणजी

उत्तर : न्यायाच्या कल्पनेमुळे. एका प्रयोगात दोन्ही देशांतल्या लोकांना पंच केलं. दोन कामगारांपैकी एकाला सगळा बोनस, दुसऱ्याला शून्य. पंचांनी हवं तर वाटणी बदलावी. बोनस चिठ्ठी टाकून मिळाला असेल तर अनेक नॉर्वेजियन समान वाटे करत. अमेरिकनांपैकी बरेच जण आहे तसंच राहू देत. चांगल्या कामामुळे मिळाला असेल तर दोन्हीकडे तफावत जास्त चालली. वाटणी बदलताना पैसे कमी होतील असं सांगूनही निर्णयांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे प्रश्न ‘किती’पेक्षा ‘कशामुळे’ हा आहे.

प्रश्न : कॉलेजच्या प्रकल्पासाठी अशी पाहणी मराठीत करायची आहे. काय सांभाळावं? – एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : आधी शब्द. ‘विषमता’ म्हटलं की अनेकांना जात आठवते, म्हणून ‘उत्पन्नातली तफावत’ म्हणा. पगार महिन्याचा आणि हातात येणारा विचारा. एकाने सीटीसी (कंपनीला पडणारा एकूण खर्च) सांगितली आणि दुसऱ्याने कापून आलेली रक्कम, तर तुलना फुकट. उत्पन्न एकट्याचं की घराचं, हेही प्रश्नातच लिहा. शिडी तोंडी सांगू नका, कागदावर काढून हातात द्या. तरी बरेच जण पाचव्या-सहाव्या पायरीवरच बोट ठेवतील, ते धरून चाला. ‘खाऊनपिऊन सुखी’ असं उत्तर आलं तर त्याचा परस्पर ‘मध्यमवर्ग’ करू नका, पायरीचा आकडाच घ्या.

‘किती मिळतं’ आधी विचारलं की ‘किती मिळावं’चं उत्तर त्याच आकड्याच्या आजूबाजूला फिरतं. निम्म्या फॉर्मांवर क्रम उलटा ठेवा आणि दोन्ही गठ्ठे वेगळे मोजा. घरात शक्यतो एकेकाला बाजूला घेऊन विचारा. सासरे समोर बसलेले असताना सून घराची पायरी खाली दाखवणार नाही. आणि छापायला टाकण्याआधी आठ-दहा जणांवर फॉर्म चालवून बघा. कुठे अडखळतात, कुठे ‘म्हणजे काय?’ विचारतात, तेवढं समासात टिपून घ्या.