डोळे उघडल्यावर

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं. प्रार्थनेच्या गटातल्या ताईंना दर्शनं होतात, एकीला तर माणसाकडे पाहिलं की त्याच्यामागे कोणता आत्मा काम करतोय ते दिसतं, आणि तू डोळे मिटून कितीही वेळ बसलीस तरी तुला काही दिसत नाही. त्यावरून तुला सांगण्यात आलं की तू अजून दैहिक आहेस, तुझे आत्मिक डोळे उघडलेले नाहीत. ते कसे उघडतात, असं तू विचारलंयस. वाचून मला वाईट वाटलं. पण प्रश्न खरा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

डोळे उघडण्याची गोष्ट निघाली की सगळे बायबलातलं 2 राजे, अध्याय 6 काढतात. तुमच्या गटातही तोच वाचला गेला असणार. अरामाच्या राजाची फौज रातोरात येऊन दोथान गावाला वेढा घालते. सकाळी अलीशा संदेष्ट्याचा चाकर उठून बाहेर येतो, घोडे-रथ पाहतो आणि त्याची गाळण उडते. अलीशा प्रार्थना करतो, ‘प्रभू, ह्याचे डोळे उघड.’ चाकराला दिसतं की अलीशाच्या सभोवार सगळा डोंगर अग्नीच्या घोड्यांनी आणि रथांनी भरून गेलाय. बहुतेक संदेश इथेच थांबतात. हालेलूया होतं आणि गाणं सुरू होतं.

तू मात्र थांबू नकोस, पुढे वाच. त्या अग्नीच्या रथांनी पुढे काय केलं? काहीच नाही. एकही रथ डोंगरावरून खाली उतरत नाही. अरामी सैनिकांना अंधत्व येतं, अलीशा स्वतः त्यांना चालवत शोमरोनात नेतो, भर राजधानीत उभं करतो आणि पुन्हा तीच प्रार्थना करतो, ‘प्रभू, ह्यांचे डोळे उघड.’ हे लक्षात घे. जी प्रार्थना आपल्या चाकरासाठी, तीच शत्रूसाठी. इस्राएलाचा राजा उतावीळ होऊन विचारतो, ह्यांना मारून टाकू का? अलीशा म्हणतो, ह्यांच्यापुढे अन्नपाणी ठेव, खाऊन-पिऊन आपल्या धन्याकडे जाऊ दे. मोठी मेजवानी होते. त्यानंतर अरामाच्या टोळ्या इस्राएल देशात आल्या नाहीत, असं शास्त्र सांगतं.

ज्याला अग्नीचे रथ दिसतात त्याला शत्रूची भूकही दिसते. अलीशाची दृष्टी खरी होती हे मला त्या रथांपेक्षा त्या पंगतीवरून जास्त पटतं.

दोथान हे नाव शास्त्रात त्याआधीही येतं. उत्पत्तीचा 37वा अध्याय काढ. याकोबाने सतरा वर्षांच्या योसेफाला भावांची खबर घ्यायला पाठवलं, ते भाऊ त्याला दोथानातच सापडले. तिथे त्यांनी त्याचा झगा ओढून काढला आणि त्याला कोरड्या विहिरीत टाकलं. वर बसून ते जेवले आणि मग चांदीच्या वीस नाण्यांना त्याला विकून मोकळे झाले. तेच गाव, पण ह्या वेळी डोंगरावर रथ दिसले नाहीत. विहिरीतून तो पोरगा ओरडत होता, गयावया करत होता, हे पुढे त्याचे भाऊच कबूल करतात. त्याला कुणी दर्शन दिलं नाही, की ‘भिऊ नकोस’ म्हणणारा संदेष्टाही शेजारी नव्हता.

मग योसेफाचे आत्मिक डोळे बंद होते का? तीस वर्षांचा असताना तो फारोपुढे, म्हणजे मिसरच्या राजापुढे, उभा राहिला. त्यानंतर सुकाळाची सात वर्षं गेली, दुष्काळाची दोन गेली, तेव्हा कुठे त्याने भावांना ओळख दिली. म्हणजे विहिरीपासून वीसेक वर्षं झाली होती. आणि बाप वारल्यावर भाऊ पुन्हा घाबरले तेव्हा तो म्हणाला की तुम्ही माझं वाईट योजलं, पण देवाने त्यातून चांगलं योजलं, पुष्कळ लोकांचे प्राण वाचावेत म्हणून. एवढी दृष्टी शास्त्रात फार थोड्यांना मिळाली आहे. ती त्याला गुलामीत, तुरुंगात, धान्याच्या कोठारांचा हिशोब ठेवता ठेवता आली. तू लिहितेस की ऑफिसातलं काम सगळं सांसारिक, त्यात देव कुठे? योसेफाचं कामही कोठारं भरण्याचं आणि धान्य मोजून देण्याचंच होतं गं.

आणि त्याच्याही गोष्टीचा शेवट बघ. ज्यांनी विहिरीच्या काठावर बसून भाकरी खाल्ली, त्यांनाच त्याने धान्याची पोती भरून दिली.

आपल्याकडे हे मला सगळ्यात स्पष्ट दिसतं ते पंडिता रमाबाईंमध्ये. 1870च्या दशकातल्या दुष्काळात मद्रास इलाख्यात वणवण करताना त्यांचे आईवडील आणि मोठी बहीण गेली. त्या आणि त्यांचा भाऊ तेवढे उरले, आणि दोघं अनवाणी, उपाशी देशभर फिरली. 1883 साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, तो भेटायला त्यानंतर आठेक वर्षं गेली, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. एवढ्या विदुषीला आठ वर्षं लागली, आणि तू काही महिन्यांत हताश होतेस.

मग 1896-97चा दुष्काळ आला. बातम्या सगळेच वाचत होते. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, दुष्काळी कामांवर आणि अनाथ आश्रयांत फिरल्या, आणि हाडांचे सापळे झालेल्या मुलींना, विधवांना घेऊन आल्या. त्या मुलींच्या जागी त्यांना आपलं मरून गेलेलं घर दिसलं असेल. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या माळावर (दौंडजवळचं, आपल्या नगरचं नव्हे) त्यांची सोय लागली, आणि मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे आंधळ्या बायकांनाही जागा होती, त्यांना शिकवलं जाई, काम दिलं जाई. पुढे 1905च्या सुमारास तिथे मोठं संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती, झालं, मुली रात्र-रात्र रडून प्रार्थना करत. आज लोक त्याच्याविषयी आवडीने बोलतात. पण भाकरी आधी भाजली गेली होती. हा क्रम विसरू नकोस. पुण्याहून दौंडची गाडी पकडून एखाद्या शनिवारी केडगावला जाऊन ये, पंडिताबाईंच्या कबरीपाशी बसून ये.

आता तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीविषयी. ती सकाळी गणपतीच्या तसबिरीपुढे दिवा लावते, म्हणून त्या घरात अंधार आहे आणि तू खोली बदलावीस, असा तुला सल्ला मिळाला. आणि तू त्यावर विचार करते आहेस.

लूकच्या 7व्या अध्यायातला शिमोन परूशी आठव, नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्यांतला. येशू त्याच्याकडे जेवायला बसलाय, गावातली पापी म्हणून ओळखली जाणारी स्त्री आत येते, त्याचे पाय आसवांनी भिजवते, केसांनी पुसते. शिमोन मनात म्हणतो, हा खरा संदेष्टा असता तर ही कोण नि कसली बाई आहे हे ह्याला कळलं असतं. म्हणजे आत्मिक दृष्टी कशासाठी, तर समोरच्याचं काळं काय ते ओळखण्यासाठी, अशी शिमोनाची समजूत होती. येशू त्या स्त्रीकडे वळतो आणि शिमोनाला विचारतो, ‘ही बाई तुला दिसते ना?’ तिचं पाप येशूला ठाऊक नव्हतं असं नाही, पुष्कळ होतं असं तो स्वतःच म्हणतो. पण त्याला तिची आसवंही दिसली, तिची प्रीती दिसली, आणि घरमालकाने पाय धुवायला साधं पाणीसुद्धा दिलं नाही हेही दिसलं. शिमोनाला तिची फक्त जात दिसली, पापी बायकांची.

तुझ्या पत्रात ती मुलगी किती वेळा आली! ती मूर्तिपूजक, ती अविश्वासी, ती खोलीतली. पण तिचं नाव तू एकदाही लिहिलं नाहीस. ती साताऱ्याची आहे आणि तिच्या आईला डायलिसिस चालू आहे, हे तू ओझरतं लिहिलंस, तेही पैशांच्या हिशोबात ती मागे पडते हे सांगताना. ख्रिस्ताला तिच्याविषयी काय वाटतं हे जाणून घ्यायला तुला दर्शन कशाला हवंय? आठवड्यातून किती वेळा त्या बाईला सुई टोचतात, घरी तिच्याजवळ कोण असतं, एसटीने नेतात की रिक्षाने, हे विचार. तिला तारणाची गरज नाही असं मी म्हणत नाही. मी आयुष्यभर येशूचं नाव घेतलं, उघडपणे घेतलं, आणि तूही घ्यावंस. पण ज्याला आपण नीट पाहिलं नाही त्याला सुवार्ता काय सांगणार?

मी मिशन इस्पितळात नर्सिंग शिकायला लागले तेव्हा आमच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टर ड्रेसिंगच्या ट्रेला हात लावण्याआधी एक गोष्ट करायला लावायच्या. पेशंटच्या उशाशी उभं राहायचं, त्याच्या तोंडाकडे पाहायचं आणि त्याला नावाने हाक मारायची. मग पट्टी सोडायची. सीझनला ऊसतोडीचे मजूर यायचे, कोयत्याने पायाची नडगी फाटलेली, वर हळद आणि चुलीची राख दाबलेली. वास असा यायचा की नव्या मुली तोंड फिरवायच्या. सिस्टर खाली वाकून विचारायच्या, ‘ज्ञानोबा, टोळीत मागं कोण हाय? पोरं कुठंयत?’ आणि कळायचं की कोप्यावर, म्हणजे टोळीच्या झोपडीत, दोन लेकरं एकटी आहेत आणि बायको त्याच्या वाट्याची मोळीही डोक्यावर वाहतेय. मग तो रोज पळून जायची भाषा का करतो ते उमगायचं. जखम तेवढीच पाहिली असती तर तो आमच्या लेखी नुसता हट्टी पेशंट राहिला असता. सिस्टर प्रार्थना मोठ्याने फार कमी करायच्या. मला आत्मिक डोळ्यांचं माणूस म्हटलं की त्याच आठवतात.

बेथसैदाच्या आंधळ्याची गोष्ट मार्कच्या 8व्या अध्यायात आहे. येशू त्याच्यावर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतं का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण चालणाऱ्या झाडांसारखी दिसतात. येशू पुन्हा हात ठेवतो, तेव्हा त्याला सगळं स्वच्छ दिसायला लागतं. दोनदा हात ठेवावा लागला असं शुभवर्तमानात दुसरीकडे कुठे नाही. मला वाटतं तुमच्या गटातली पुष्कळ मंडळी पहिल्या आणि दुसऱ्या स्पर्शाच्या मध्ये आहेत. प्रकाश आलाय हे खरं, त्यांना खोटं ठरवू नकोस. पण माणसं अजून झाडांसारखी दिसताहेत, हे तारलेलं झाड, ते हरवलेलं झाड. त्या आंधळ्याचं मोठेपण हे, की ‘झालं, दिसतंय सगळं’ असं म्हणून तो निघून गेला नाही. जसं दिसलं तसं खरं सांगितलं. तूही येशूला तसंच सांग. ‘मला काही दिसत नाही’ हीसुद्धा प्रार्थनाच आहे.

एक काम देते. मार्कचं शुभवर्तमान घे, पेन्सिल घे, आणि येशूने कुणाकडे पाहिलं असं जिथे येईल तिथे खूण कर. जकातीच्या नाक्यावर बसलेला लेवी, मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखा लोकसमुदाय, तो श्रीमंत माणूस, ज्याच्याकडे पाहून येशूने त्याच्यावर प्रीती केली, मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे अगदी किरकोळ नाणी, टाकणारी विधवा. भरभर वाचू नकोस, एका दिवसाला एक खूण पुरे. पाहिल्यानंतर येशू काय करतो ते बाजूला लिही. लोकसमुदायाला पाहून त्याला कळवळा आला, तो त्यांना शिकवत बसला, आणि संध्याकाळी पाच भाकरी मोडल्या.

आणि मत्तयच्या 6व्या अध्यायात डोळा शरीराचा दिवा आहे असं येशू म्हणतो ना, ते वाक्य कुठे आहे तेही बघ. त्याच्या आधी आहे पृथ्वीवर धन साठवू नका, आणि लगेच नंतर देव आणि धन दोघांची चाकरी करता येत नाही. डोळ्यांचा विषय पैशाच्या मधोमध ठेवलाय. कुणाची दृष्टी आत्मिक झाली की नाही हे त्याच्या पासबुकातही दिसतं, हे मंडळीत फारसं कुणी बोलत नाही. तुझ्या मैत्रिणीच्या भाड्याच्या हिशोबाचं ह्या उजेडात काय करायचं ते तूच ठरव.

तुझ्या आईच्या शुगरमागे कुठलातरी आत्मा आहे, असं कुणी सांगितलं तर मला ताबडतोब फोन कर. जन्मांधाला पाहून शिष्यांनी विचारलं होतं, पाप कुणाचं, ह्याचं की आईबापाचं? येशूने दोन्ही नाकारलं. तिच्या गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून बंद होता कामा नयेत. प्रार्थना मी रोज करतेच आहे.

गट सोडायचा की नाही, हे मी इथून सांगणार नाही. त्या ताईंपैकी कुणी आजारी पडलं तर पेज घेऊन कोण जातं, हे दोन महिने पाहा, आणि आधी तू जा. मग आपण बोलू.

नाताळला येशील तेव्हा मैत्रिणीलाही घेऊन ये, तिला आईजवळून निघता आलं तर. रविवारी उपासनेनंतर फोन कर, दुपारी मी जागीच असते. आणि तिचं नाव कळव, माझ्या प्रार्थनेच्या वहीत लिहायचंय.

प्रभूमध्ये तुझी,
मावशी