खिडकीकडे पाठ करून बसू नकोस

‘ताई, मी 43 वर्षांची आहे. यंदा गणपतीत आरतीनंतर प्रसाद वाटणाऱ्या एका काकूंनी माझ्या नवऱ्याला विचारलं, आई कधी आल्या भारतातून? तो 46 वर्षांचा आहे. घरी येईपर्यंत गाडीत कुणी काही बोललं नाही.’

हे पत्र इंग्लंडमधून, रेडिंगहून आलंय. लिहिणारीला किडनीचा जुनाट आजार आहे. पत्र मोठं आहे आणि त्यात पाच-सहा प्रश्न आहेत. केस रंगवले तर चालतील का? वहिनीने पाठवलेलं क्रीम लावू का? नवरा म्हणतो ‘मला तू आहेस तशीच दिसतेस’, त्याचा राग येतो, काय करू? शाळेसमोर गाडीतून उतरू नकोस असं मुलगा सुचवतो, ते मनाला लावून घेऊ का? जानेवारीत भाच्याचं लग्न आहे, जाऊ की नको? पण मला सगळ्यात जास्त खुपलेलं वाक्य यातल्या एकाही प्रश्नात नाही. ते मधेच कुठेतरी येऊन जातं: ‘आईदादांना यातलं काही माहीत नाही. व्हिडिओ कॉलच्या वेळी मी खिडकीकडे पाठ करून बसते, म्हणजे चेहरा काळोखात राहतो.’

अगं, किती दिवस बसणार आहेस अशी?

तुझ्या दुःखाला मी दिखाऊपणा म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस. किडनीच्या जुनाट आजारात माणूस वयापेक्षा मोठा दिसतो, आणि त्याला शरीरातली खरी कारणं आहेत. रक्त तयार करायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक किडनीत बनतं. ते कमी पडलं की हिमोग्लोबिन उतरतं आणि चेहऱ्यावरची लाली जाते. लघवीवाटे जायची रंगद्रव्यं अंगात साठून त्वचेला मातकट पिवळी झाक येते, आणि उन्हाला उघडा राहणारा भाग काळवंडतो. घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी आक्रसतात, त्वचा कोरडी पडते, खाज सुटते. सकाळी डोळ्यांखाली सूज असते. रक्तातली आम्लता वाढली की स्नायू झिजतात आणि कानशिलं, गाल आत जातात. 1997 साली जपानमध्ये माकोतो कुरो-ओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोथो नावाचं जनुक शोधलं. ते बिघडलेले उंदीर भराभर म्हातारे होत. त्यांची कातडी पातळ होई, रक्तवाहिन्या कडक होत आणि दोनेक महिन्यांत ते मरत. या जनुकापासून तयार होणारं प्रथिन मुख्यतः किडनीत बनतं आणि किडनी बिघडायला लागली की लवकरच कमी होतं. त्यामुळे त्या काकूंना जे दिसलं ते तुझ्या आळसाने किंवा हयगयीने आलेलं नाही.

यातलं सगळं परत येत नाही, पण बरंच सुधारतं. तू लिहिलंयस, ‘ईजीएफआर 21, हिमोग्लोबिन 94, जीपी म्हणाले बघू.’ ईजीएफआर म्हणजे किडनी किती काम करते याचा रक्ततपासणीवरून काढलेला अंदाज, आणि जीपी म्हणजे तिकडचे फॅमिली डॉक्टर. हिमोग्लोबिनचं तिकडचं 94 म्हणजे आपल्याकडच्या रिपोर्टातलं 9.4. तुमच्या ब्रिटनमध्ये किडनीच्या रुग्णावर उपचार करताना ते साधारण 100 ते 120 मध्ये ठेवायचं धोरण आहे. तेव्हा ‘बघू’वर थांबू नकोस. पुढच्या वेळी किडनी क्लिनिकमध्ये थेट विचार: माझं लोह किती आहे, शिरेतून लोह द्यायचं का, एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनची वेळ आली आहे का? रक्तातली आम्लता सांगणारं बायकार्बोनेट किती, फॉस्फेट किती? खाजेवर काय देता? आणि आहारतज्ज्ञांची भेट मागून घे, कारण ‘इंटरनेटवर वाचून फक्त मऊ भात खाते’ हे वाचून माझा जीव कळवळला. प्रथिनं बेताने खायची म्हणजे उपाशी राहायचं नव्हे. अशाने गाल आणखी बसतील.

आता माझ्या नेहमीच्या मुद्द्यावर येते. घरी सांग. हे सदर नियमित वाचणाऱ्यांना माझं हे पालुपद ठाऊक आहे, पण तुझ्या बाबतीत मी ते दहा वेळा म्हणेन.

तू न सांगण्याची तीन कारणं दिली आहेस. आईला बीपी आहे, ते दोघं सोलापुरात बसून काय करणार, आणि वहिनीला कळलं की गल्लीला कळेल. आपण सगळ्यांनी देश सोडताना हे सामान बरोबर आणलेलं आहे. इकडे सगळं छान, हिटर छान, मुलं छान, नोकरी छान. तिकडची मंडळी आपल्याला त्यांची दुखणी सांगत नाहीत आणि आपण त्यांना आपली सांगत नाही. दर रविवारी तासभर फोन चालतो आणि कुणाला कुणाचं काही कळत नाही.

माझा धाकटा भाऊ डेट्रॉइटजवळ असतो. त्याला हाच आजार होता आणि त्याने तो आम्हा सगळ्यांपासून लपवला, माझ्यापासूनसुद्धा. वाईला आई त्याचे फोटो बघायची. चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली पिशव्या, रंग काळवंडलेला. तिने कुणाला न विचारता आपल्या मनाशी निदान केलं, पोरगा दारूला लागला. वाड्यातल्या एका बाईंनी तसं बोलून दाखवलं आणि आईची खात्रीच पटली. पोराची दारू सुटावी म्हणून ती संकष्ट्या धरू लागली. फोनवर त्याला म्हणायची, ‘संगत सोड रे बाबा’, आणि तो समजायचा ऑफिसातल्या मित्रांबद्दल बोलतेय. आयुष्यात बिअरचा ग्लास न धरलेला मुलगा! आई गेली तेव्हा तिच्या देव्हाऱ्यात त्या नवसाची चिठ्ठी होती. बरं झालं की त्याआधी त्याने सांगितलं होतं आणि तिला खरं काय ते कळलं होतं.

म्हणून म्हणते, तू सांगितलं नाहीस तरी चेहरा दिसतोच, आणि बघणारा स्वतःच्या मनाने त्याचा अर्थ लावतो. तुझ्या आईला वाटतंय तू जेवत नाहीस. उद्या वाटेल की नवरा नीट वागवत नाही. बीपीला यातलं कुठलंच चांगलं नाही.

आणि त्या क्रीमकडे बघ. ‘वहिनीने कुणाबरोबर तरी डबी पाठवली, पंधरा दिवसांत चेहरा उजळतो म्हणे. डबीवर कंपनीचं नाव नाही, आत काय आहे तेही नाही.’ ती डबी आजच बाजूला ठेव. आणि आतापर्यंत बोटभर जरी लावलं असशील तरी डॉक्टरांना सांग. आपल्या अकोल्यात काही वर्षांपूर्वी एकाच घरातल्या मायलेकींच्या किडन्या अशाच क्रीममुळे बिघडल्या. मुंबईच्या केईएममध्ये क्रीम तपासलं तेव्हा त्यात पारा निघाला. केरळातल्या डॉक्टरांनीही असं क्रीम लावल्यावर लघवीतून प्रथिनं जाऊ लागलेले रुग्ण नोंदवले आहेत. पारा त्वचेतून आत जातो आणि किडनीतच साठतो. वहिनीने ते मायेने पाठवलं. तुझी किडनी आजारी आहे हे तिला माहीत असतं, तर पाठवण्याआधी तिने निदान विचारलं असतं. पुढच्या वेळी कुणीतरी काढ्याची पुडी देईल, भस्म देईल. बॉस्टनच्या परिसरातल्या दुकानांत मिळणारी 70 आयुर्वेदिक औषधं तपासून 2004 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. त्यातल्या 14 औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक होतं. मी स्वतः सुंठ, हळद, ओवा मानणारी बाई आहे, पण किडनी दुखावलेल्या माणसाच्या पोटात न विचारता काही जाऊ नये. पाठदुखीला घरून आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या गोळ्यासुद्धा नकोत.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी, किडनी प्रत्यारोपणाची. तू लिहितेस, ‘माझा रक्तगट बी, नवऱ्याचा ए, म्हणजे तोही मार्ग बंद.’ बंद नाही गं. तुमच्याकडे जिवंत दात्यांच्या अदलाबदलीची राष्ट्रीय योजना आहे. तुझ्या नवऱ्याची किडनी दुसऱ्या कुणाला आणि त्या जोडीतल्या दात्याची तुला, असं जुळवता येतं. पण बी गट आपल्या लोकांत जवळजवळ तिघांतल्या एकाचा असतो, गोऱ्यांमध्ये दहातल्या एकाचा. गट आणि ऊतींची जुळणी आपल्याच माणसांत सापडण्याची शक्यता जास्त, आणि आपली माणसं दाते म्हणून पुढे येतात कमी. म्हणून ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई रुग्णांना किडनीसाठी गोऱ्या रुग्णांपेक्षा जास्त थांबावं लागतं. तुला सख्खा भाऊ आहे, मावसबहिणी आहेत, चुलतभावंडं आहेत. त्यांतल्या एकालाही तू आजारी असल्याचं माहीत नाही. मग देईल कोण? भारतातून येऊन किडनी द्यायची तर ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाच्या नियमांत त्याची तरतूद आहे. कुणावर दडपण नाही ना, पैसे घेतले नाहीत ना, हे तिथे स्वतंत्र माणूस बसून तपासतो. मागायचं नसलं तर मागू नकोस. पण कळवल्याशिवाय कुणाला पुढे येता तरी कसं येईल?

आमच्याकडे आईच आधी पुढे आली. वयामुळे आणि रक्तदाबामुळे डॉक्टरांनी तिला नको म्हटलं, त्याचं तिला फार वाईट वाटलं. मेलबर्नच्या मामेभावाने स्वतःहून तपासण्या करून घेतल्या. शेवटी किडनी दिली ती आमच्या वहिनीने. पहिले काही महिने स्टेरॉइडमुळे भावाचा चेहरा आणखीच गोल झाला, ते मी लपवणार नाही. पण पिवळी झाक गेली, ओठांना रंग आला, आणि फोनवर त्याचा आवाज ऐकूनच मला कळायचं की दम लागत नाहीये.

तुझा 21 हा आकडा म्हणजे आत्ताच बोलायची वेळ आहे. डायलिसिस लागण्याआधीच प्रत्यारोपण होऊ शकतं, आणि दात्याच्या तपासण्यांना कित्येक महिने जातात. अमेरिकेतल्या वाचकांसाठी सांगते: तिकडे ईजीएफआर 20 किंवा खाली आला आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागलं की तुमचा काळ मोजायला सुरुवात होते, डायलिसिसची वाट बघायची गरज नाही. डॉक्टरांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा.

सांगायचं कसं, तेही सांगते. आधी भावाला फोन कर, तो ऑफिसात नसताना. मग तो आईवडिलांजवळ बसलेला असताना त्यांना सांग, म्हणजे फोन ठेवल्यावर ती दोघं एकटी राहणार नाहीत. ‘किडनी फेल’ म्हणू नकोस, तिकडे ते ऐकून रडारडच होईल. ‘किडनीचं काम साधारण वीस टक्क्यांवर आलंय, औषधं चालू आहेत, डॉक्टरांचं लक्ष आहे’ असं म्हण. मग त्यांना कामं दे. लोणचं-पापड पाठवू नका. क्रीम, चूर्ण काहीही पाठवू नका. घरात आणखी कुणाला बीपी किंवा किडनीचा त्रास होता का ते आठवून सांगा, आणि भावाने स्वतःचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, आणि लघवी तपासून घ्यावी. माणसांना करायला काही मिळालं की रडणं आपोआप आवरतं. आणि त्या दिवशी दिव्याकडे तोंड करून बस.

वहिनी गल्लीभर सांगेल? सांगू दे. त्या गल्लीत निम्म्या घरांत साखर आणि बीपी असेल. तुझ्यामुळे चार जणांनी तपासणी करून घेतली तर वाईट काय झालं?

बाकीचे प्रश्न. केस खुशाल रंगव, वरून लावायच्या रंगाला सहसा हरकत नसते. मात्र तुला खाज आहे, तेव्हा 48 तास आधी कानामागे थोडा लावून बघ आणि डोक्यावर ओरखडे असतील तर थांब. नवऱ्यावर रागावू नकोस, तो तुला धीर देतोय आणि त्याला दुसरं वाक्य सुचत नाहीये. त्याला क्लिनिकला बरोबर ने. मुलालाही आजाराबद्दल नीट सांग. त्याला लाज वाटत असेल त्यापेक्षा भीती जास्त वाटत असणार, कारण घरात काहीतरी बिनसलंय हे मुलांना न सांगता कळतं. गणपतीतल्या काकूंना सोडून दे.

आणि लग्नाला जा. क्लिनिकने हो म्हटलं तर नक्की जा. प्रवासाच्या विम्यात आजार स्पष्ट लिही, नाहीतर विमा असून नसल्यासारखा. गोळ्या आणि डॉक्टरांचं पत्र हातातल्या बॅगेत ठेव. पाणी बाटलीचं पी, शहाळं पिऊ नकोस, त्यात पोटॅशियम फार असतं. त्याच कारणाने कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठही नको. उलट्या-जुलाब झाले तर रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या, हे निघण्याआधी लिहून घे. तिकीट काढण्यापूर्वी क्लिनिकला तारखा कळव, म्हणजे जायच्या आधीची रक्ततपासणी त्यांना वेळेत बसवता येईल.